फुंकणी कोणाच्या हाती?

हिवाळा लागला की सातारा-सांगलीकडच्या माणसाला विस्तवाची ओढ लागते. नदीकाठच्या शिवारात ऊस तुटू लागलेला असतो आणि गुऱ्हाळाच्या चुलवणाशेजारी काकवीची वाट पाहत पोरं बसलेली असतात. तिकडे माण-खटावात आणि आटपाडी-जतच्या बाजूला शाळूच्या कणसात दाणा भरत आलेला असतो आणि हुरड्याची आमंत्रणं सुटू लागतात. रानात खड्डा घ्यायचा, गोवऱ्या पेटवायच्या, आगटीतल्या निखाऱ्यात कणसं खुपसायची आणि भाजलेलं कणीस हातावर चोळून तो हिरवा दाणा लसणीच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचा, हा सोहळा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पावसाळ्यात घाटरस्त्याच्या कडेला भाजली जाणारी मक्याची कणसं, राखेत पुरलेली रताळी, चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर टम्म फुगलेली भाकरी, वैलाशेजारी भाजलेलं वांगं, सुकटीचा वास, ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी. उघड्यावर बसून भाजून खाणं ही गोष्ट आपल्याला कोणी परदेशातून येऊन शिकवलेली नाही.

नवी आहे ती शेगडी. साताऱ्याच्या शाहूपुरीत किंवा सांगलीच्या विश्रामबागेत एखाद्या बंगल्याच्या परसात, नाहीतर अपार्टमेंटच्या गच्चीवर, रविवारी संध्याकाळी लोखंडी जाळीची लांबट शेगडी मांडलेली दिसते. तिला आता सगळेच बार्बेक्यू म्हणतात. मुलं पुण्याहून, बंगळूरहून आलेली असतात. पनीर, सिमला मिरची, कोंबडीचे तुकडे मसाला लावून सळईत ओवलेले असतात. आणि मग घरोघरी तो प्रश्न निघतो: गॅसवर भाजायचं की कोळशावर? मुलगा म्हणतो, कोळशाशिवाय मजा नाही. आई म्हणते, कशाला तो पसारा, गॅस आहे की. वडील दोघांच्या मध्ये वर्तमानपत्र धरून बसतात.

हा वाद फक्त आपल्या गच्चीवरचा नाही. टेक्सासात किंवा न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या आपल्या भाच्या-पुतण्यांना विचारा. अमेरिकेत घरामागच्या हिरवळीवर गॅसची शेगडी असावी की कोळशाची, यावर शेजारी शेजाऱ्याशी हिरिरीनं भांडतो. ते भांडण मुख्यतः चवीचं आणि सोयीचं आहे. आपल्याकडे मात्र या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि तो फारसा कोणी उलगडून पाहत नाही. कोळसा हवा म्हणणारा माणूस आणि प्रत्यक्ष कोळसा फुंकणारा माणूस हे आपल्याकडे बहुतेक वेळा दोन वेगळे असतात.

आधी चवीचं पाहू, कारण तिथे दोन्ही बाजूंनी बऱ्याच गैरसमजुती आहेत. निखाऱ्याची चव ही काही निव्वळ कल्पना नाही. गॅस जळतो तेव्हा त्यातून पाण्याची वाफ तयार होते. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपानं बाहेर पडतं. ती वाफ डोळ्यांना दिसत नाही, पण ज्योतीवर धरलेल्या पदार्थाला ती लागते. लोणारी कोळसा, म्हणजे लाकडाचा कोळसा, जवळजवळ निव्वळ कार्बन असतो. त्यातला ओलावा आणि धूर भट्टीतच निघून गेलेला असतो. म्हणून त्याची आच कोरडी असते. शिवाय फुललेला निखारा ज्योतीसारखा चाटत नाही, तो उन्हासारखा तापवतो. त्यामुळे बाहेरचा पापुद्रा लवकर खरपूस होतो आणि आतला रस आत राहतो.

पण आपण ज्याला कोळशाचा वास म्हणतो, तो पुष्कळदा कोळशाचा नसतोच. नीट फुललेल्या, पांढरी राख चढलेल्या निखाऱ्याला स्वतःचा वास फार थोडा असतो. कोंबडीची चरबी, तेल, दह्या-मसाल्याचं पाणी तापलेल्या निखाऱ्यावर टपकतं, चर्र होतं, आणि त्याचा जो धूर उठून परत पदार्थाला लागतो तीच ती चव. गॅसच्या शेगडीत ज्योतीवर जाड लोखंडी पट्ट्या किंवा दगड असले तर त्यावरही तेच टपकतं आणि तसाच धूर उठतो. म्हणजे मांसाच्या किंवा पनीरच्या बाबतीत गॅस आणि कोळसा यांत वाटतं तेवढं अंतर नाही. डोळे बांधून खायला दिलं, तर कोळशाचे कितीतरी कट्टर अभिमानी गोंधळतील असा माझा अंदाज आहे.

वांग्याची गोष्ट वेगळी. वांग्याला चरबी नाही. त्याची चव येते ती साल जळून, आणि त्या जळलेल्या सालीचा धूर मऊ झालेल्या गरात मुरून. खानदेशात भरिताची मोठी हिरवी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात आणि तिथल्या भरिताला जी चव येते तिचं निम्मं श्रेय त्या जाळाला आहे. आपल्या कृष्णाकाठच्या वांग्याची कीर्ती भरल्या वांग्यासाठी अधिक, पण त्यातलं एखादं थोराड वांगं निखाऱ्यावर टाकून पाहावं. इथे मात्र गॅस उणा पडतो, हे मान्य केलंच पाहिजे. हुरड्याचंही तेच. गॅसवर भाजलेला हुरडा म्हणजे नुसतं गरम केलेलं धान्य.

आता हिशेब. उभी हयात बँकेत गेली असल्यामुळे कुठल्याही सुखाची जमा-खर्चाची बाजू पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. एक किलो गॅसमध्ये साधारण ११ हजार किलोकॅलरी उष्णता असते, एक किलो चांगल्या कोळशात सुमारे ७ हजार. त्यातही घरगुती गॅसच्या शेगडीवर ६०-६५ टक्के उष्णता भांड्याला मिळते. साध्या कोळशाच्या शेगडीत पाव हिस्सा पदरात पडला तरी पुष्कळ, बाकी सगळी हवेत. गॅस काम झालं की बंद करता येतो. कोळसा पेटायला अर्धा तास, फुलायला पुढचा काही वेळ आणि जेवणं उरकल्यावरही तो तास-दीड तास जळतच राहतो. आठ-दहा माणसांच्या बेताला दोन किलो कोळसा सहज लागतो.

आणि हा दोन किलो कोळसा कुठून येतो? जुन्या पद्धतीच्या मातीनं लिंपलेल्या भट्टीत एक किलो कोळशासाठी पाच ते सात किलो लाकूड लागतं, भट्टी नीट लागली नाही तर त्याहूनही जास्त. म्हणजे आपल्या एका संध्याकाळसाठी दहा ते चौदा किलो लाकूड आधीच कुठेतरी जळून गेलेलं असतं. मीठ, चुना आणि कोळसा हा लोणारी समाजाचा पिढीजात धंदा. आता तो बराचसा ठेकेदारांच्या हाती गेला आहे. माणदेशात ओढ्यांच्या कडेनं माजलेल्या वेड्या बाभळीचा कोळसा झाला तर कोणी हळहळणार नाही, पण पिशवीतला कोळसा वेड्या बाभळीचा की बांधावरच्या जुन्या झाडाचा, हे त्याच्याकडे पाहून गिऱ्हाइकाला सांगता येत नाही.

भट्टीवर राबणारी माणसं तर आपल्याला अजिबातच दिसत नाहीत. रायगडकडची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर घरदार बंद करून कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. देशावर येतात, कर्नाटकातही जातात. जाण्याआधी ठेकेदाराकडून उचल घेतलेली असते. ती कोणाच्या आजारपणासाठी असते, कोणाच्या लग्नासाठी, तर कोणाच्या नुसत्या पावसाळ्याच्या पोटापाण्यासाठी. मग लाकूड तोडणं, भट्टी रचणं, ती रात्रंदिवस राखणं, गरम कोळसा उपसणं यात सगळं कुटुंब, कधी लेकरांसकट, राबतं. हंगाम संपतो तेव्हा पुष्कळांची उचल फिटलेली नसते, ती पुढच्या सालावर जाते. मी कर्जखाती पाहण्यात आयुष्य घालवलं. खात्याला व्याजाचा दर असतो, हप्ता असतो, पासबुक असतं आणि हिशेब पटला नाही तर विचारायला एक खिडकी असते. उचलीच्या खात्याला यांतलं काहीच नसतं. वेठबिगारी देशात १९७६ च्या कायद्यानं बंद झाली, पण कोळशाच्या भट्ट्यांवरून कातकरी कुटुंबं सोडवून आणल्याच्या बातम्या त्यानंतरही येत राहिल्या. कोळशाच्या पिशवीवरच्या किमतीत हे कुठेही लिहिलेलं नसतं.

दुसरं खातं घरातलं. आजच्या तरुण मुलाला चुलीवरचं जेवण म्हणजे एक दुर्मिळ मेजवानी वाटते. पुण्याहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर साताऱ्यापासून कराडच्या पुढेपर्यंत ‘चुलीवरचं मटण’, ‘अस्सल चुलीवरची भाकरी’ अशा पाट्या दिसतात आणि गाड्या तिथे थांबतात. थांबावं, खावं, त्यात वावगं काही नाही. पण त्या पाटीमागे, आतल्या अंगाला, चुलीसमोर कोण बसलेलं आहे तेही एकदा डोकावून पाहावं. जिच्या घरी आजीनं आणि आईनं फुंकणी फुंकून डोळे लाल करून घेतले, ती बाई कधीही हौसेनं म्हणत नाही, की मला पुन्हा चूल हवी. चुलीच्या चवीची आठवण बहुतेक वेळा पाटावर बसून जेवणाऱ्याची असते. चुलीपुढे बसणारीची आठवण धुराची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या स्वयंपाकाच्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यांत बायका आणि लहान मुलं किती असतील, हे सांगायला वेगळ्या आकड्याची गरज नाही.

१९८० च्या दशकात खटाव तालुक्यातल्या एका शाखेत मी होतो तेव्हा गोबरगॅसच्या कर्जाचे अर्ज टेबलावर येत. म्हशीसाठी, विहिरीसाठी, इंजिनासाठी कर्ज मागणाऱ्या अर्जात एक रकाना असे: कर्जामुळे उत्पन्नात होणारी वाढ. म्हशीच्या अर्जात तो झटकन भरता येई, इतकं दूध, इतका दर, इतकी वाढ. गोबरगॅसच्या अर्जात लेखणी अडायची. खताची किंमत लिहिता यायची, वाचलेल्या सरपणाची यायची. घरातल्या बाईचे डोळे चुरचुरायचे थांबणार, सरपणासाठीची तिची पायपीट वाचणार, हे त्या रकान्यात कसं लिहायचं? अर्जावर सही घरधन्याची, कारण सातबारा त्याच्या नावावर. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती बाई पदर सावरून दाराशी उभी. तिला विचारावं असं कुठल्याही कागदात लिहिलेलं नव्हतं.

त्याच काळात शहरात गॅसच्या नंबरासाठी लोक वर्षानुवर्षं वाट पाहत होते. फोन, स्कूटर आणि गॅस यांचा नंबर लागला की पेढे वाटले जात. पुढे नंबर संपले. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि त्यातून देशभरात दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. तरीही माणच्या किंवा जतच्या एखाद्या वस्तीवर गेलात तर दिसेल, की गॅस आहे पण पाहुण्यांसाठी आणि पहाटेच्या चहासाठी. पाणी तापवणं, भाकऱ्या थापणं चुलीवरच. कारण सिलिंडर भरायला रोख पैसे लागतात आणि काटक्या गोळा करायला फक्त बाईचा वेळ लागतो. बाईचा वेळ आपल्याकडे अजूनही फुकट धरला जातो. म्हणूनच ‘गॅस की कोळसा’ हा प्रश्न ज्याला पडतो तो भाग्यवान समजावा. त्याच्याकडे दोन्ही आहेत.

गॅसची बाजू घेताना त्याचंही बिल वाचायला हवं. देशात जळणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक बाहेरून जहाजानं येतो. तो जमिनीतून निघालेल्या इंधनाचाच भाग, पुन्हा उगवणारा नाही. जगात कुठे लढाई पेटली की त्याची झळ आपल्या ओट्यापर्यंत पोचते. लाकूड, गोवरी, पाचट ही निदान आपल्या मातीतली आणि दरवर्षी पुन्हा येणारी. तेव्हा यात एक संत आणि दुसरा चोर असं काही नाही.

मग यातून मार्ग? गंमत अशी, की एक मार्ग आपल्याच जिल्ह्यात शोधला गेला. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली आरती, म्हणजे अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन केली आणि साताऱ्यातल्या फलटणला तिचं काम उभं राहिलं. उसाच्या पट्ट्यात तोडणीनंतर हेक्टरी आठ-दहा टन पाचट शेतात पडतं आणि पुष्कळ शेतकरी ते पेटवून देतात. संस्थेनं ते पाचट लोखंडी डब्यांत दाबून, भट्टीत हवेशिवाय तापवून त्याची कोळशाची भुकटी केली. निघणारा धूर मोकळा न सोडता भट्टीतच जाळला. मग त्या भुकटीत खळीसारखं चिकटण मिसळून कांड्या पाडल्या. साधारण तीन-साडेतीन किलो पाचटातून किलोभर भुकटी मिळते. या कामाला २००२ साली लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. संस्थेच्या सराई कुकरमध्ये अशा मूठभर कांड्यांवर, शंभर-दीडशे ग्रॅमांत, लहान कुटुंबाचा वरण-भात-भाजी शिजते. झाड तोडायचं नाही आणि जे नाहीतरी जळून जाणार होतं त्यातून विस्तव मिळवायचा. अमेरिकेतही घरोघरच्या कोळशाच्या वड्यांची सुरुवात अशीच उरलेल्या मालातून झाली होती. १९२० च्या दशकात हेन्री फोर्डनं मोटारींच्या कारखान्यातल्या लाकडाच्या तुकड्यांचा आणि भुशाचा कोळसा करून विकायला काढला.

अर्थात पाचटावर पहिला हक्क मातीचा. खोडव्यात ते कुजवलं तर जमिनीचा कस वाढतो आणि पाणीही कमी लागतं. पण जिथे ते पेटवलंच जाणार आहे, तिथे त्याचा कोळसा होणं केव्हाही चांगलं. मक्याची बुरकुंडं, तुरीच्या तुरकाट्या, बांधावरच्या बाभळीच्या वाळक्या फांद्या, गोवऱ्या, करवंट्या हे सगळं त्याच जातीचं जळण. हुरड्याच्या आगटीत आपले आजोबा-पणजोबा नेमकं हेच जाळत आले, भट्टीचा कोळसा नव्हे.

तेव्हा रोजच्या स्वयंपाकाला आणि मांस, पनीर, पापड, भाज्या भाजायला गॅस पुरेसा आहे. जाड बिडाचा तवा चांगला तापवावा, तुकडे कोरडे करून ठेवावेत, गर्दी करू नये. धुराची चव हवीच असेल तर आपल्याकडे धुंगाराची युक्ती आहेच. एकच निखारा फुलवून वाटीत ठेवावा, ती वाटी भाजलेल्या पदार्थाच्या पातेल्यात ठेवून निखाऱ्यावर चमचाभर तूप सोडावं आणि झाकण लावून दोन-तीन मिनिटं थांबावं. दोन किलो कोळशाचं काम एका तुकड्यात होतं.

वांगी, हुरडा, कणसं, रताळी यांच्यासाठी मात्र खुशाल विस्तव करावा. रॉकेल ओतू नये, त्याचा वास शेवटपर्यंत जात नाही. नारळाची शेंडी, कागद, काटक्या यांनी पेटवावा आणि पांढरी राख चढेपर्यंत धीर धरावा. जाळीच्या वीतभर वर तळहात धरून पाहावा. दोन-तीन सेकंदांत काढून घ्यावासा वाटला तर आच कडक, पाच-सहा सेकंद धरवला तर मध्यम. जळून काळा झालेला भाग खरवडून टाकावा. चरबीच्या दाट धुरात कर्करोगाला निमित्त होणारी द्रव्यं असतात, म्हणून मांस फार करपू देऊ नये. आणि एक गोष्ट प्रत्येक घरात मोठ्यानं सांगून ठेवावी. फुललेली शेगडी थंडी आहे म्हणून बंद खोलीत कधीही नेऊ नये. निखाऱ्यातून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग ना वास. गॅस गळला तर त्यात मुद्दाम मिसळलेला वास आपल्याला सावध करतो. कोळसा सावध करत नाही, झोपलेला माणूस झोपेतच जातो.

राहिला तो पहिला प्रश्न, कोळसा हवा कोणाला आणि फुंकायचा कोणी? यावर माझा तोडगा साधा आहे. ज्याला चव हवी त्यानं फुंकणी हाती घ्यावी. ज्या मुलाला कोळशाशिवाय मजा वाटत नाही त्यानं दुपारपासून काटक्या गोळा कराव्यात, शेगडी पेटवावी, डोळ्यांत धूर गेला तर जाऊ द्यावा, सगळ्यांना गरम-गरम वाढून शेवटी स्वतः खावं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राख काढून जाळी घासून ठेवावी. आईनं त्या संध्याकाळी खुर्चीवर बसून नुसतं जेवावं. एवढं करूनही पुढच्या रविवारी त्याला कोळसाच हवासा वाटला तर त्याची आवड खरी, आणि मग ती आनंदानं पुरवावी.

येत्या हिवाळ्यात घरात हा वाद निघाला, तर ‘गॅस की कोळसा’ हे नंतर ठरवा. आधी शेगडीपुढे कोण बसणार ते ठरवा. तेवढं ठरलं की इंधनाचं उत्तर बहुधा आपोआप मिळेल.